ओझेलमामाचा डाव आणि व्हर्डेलची तबकडी

व्हर्डेल शिकागोच्या एका हॉस्पिटलात चादरी धुवायची. गाणं मात्र शनिवारी, स्वतःच्या स्वयंपाकघरात, मासे तळताना. मागं टेबलावर ओझेलमामाचं टोळकं पत्ते कुटायचं, एकमेकांचे बाप काढायचं, आणि ही त्या गोंधळाकडे पाठ करून गायची. तिच्यासारखी गाणारी त्यांच्या अख्ख्या साउथ साइड वस्तीत नव्हती. कुणी नाही म्हणत असेल तर त्याला कान नाहीत.

चौऱ्याहत्तर साली पर्विस नावाच्या स्टुडिओवाल्यानं तिला अख्खी तबकडी गायला बोलावलं. ऑर्गन, सॅक्सोफोन, ड्रम, सगळा थाट. आणि तिथं बाई गायली थंडगार. सूर बरोबर, ताल बरोबर, जीव नाही. दोन दिवस असेच गेले.

"आज जमलं तर जमलं," पर्विस म्हणाला. "नाहीतर उद्या दुसरी पोरगी उभी करतो."

"मला मागं पत्ते पाहिजेत."

"बाई, इथं सुई पडली तरी टेप होते."

"म्हणूनच तर गळा धरतो माझा."

पर्विसनं हात टेकले. दुपारी मामा आला, तिघांना घेऊन. पण चौघंही चर्चच्या कपड्यांत, हॅट मांडीवर. माइक बघून त्यांची वाचाच बसली. पान असं ठेवत होते जणू झोपलेल्या बाळावर दुपटं. क्लिओथा शेजारीण, मामाची जुनी वैरीण, ती चक्क त्याला "आपण उतरा ना," म्हणाली.

व्हर्डेल गायली. परत थंड. काचेमागं पर्विस घड्याळ बघायला लागला.

व्हर्डेलनं गाणं मध्येच सोडलं आणि टेबलाकडं वळली. "मामा, तू बदाम लपवलंस."

"काय?"

"बदामाची उतारी होती. हातात बदाम असून तू हुकूम मारलास. मी बघितलं."

बघितलं कसलं, पाठ होती तिची. पण मामानं आयुष्यात काहीही केलं असेल, पत्त्यात खोटेपणा नाही.

"मला वाटलंच," क्लिओथा म्हणाली. "म्हातारपणी रडीचे डाव."

मामानं कोट काढून फेकला. "तुझ्या नवऱ्याला पत्ते धरायला कुणी शिकवलं गं? मी." आणि पान आपटलं. धाड.

"आपट, आपट. टेबल काय तुझ्या बापाचं आहे."

"माझा बाप तुला झोपेत हरवायचा." धाड.

ड्रमवाल्यानं ती धाड उचलली. मागून ऑर्गन आला. व्हर्डेलनं पाठ फिरवली, डोळे मिटले, आणि सुटली. आवाज हसत होता, दटावत होता, मुद्दाम मागं रेंगाळून सुटत्या बसची दांडी पकडावी तसा ताल गाठत होता. सॅक्सोफोनवाला वाजवायचं विसरून बघत राहिला.

गाणं संपलं तसा पर्विस धावत बाहेर आला. "हेच. अगदी हेच ठेवायचं."

"तू गप रे," मामा म्हणाला. तो आतापर्यंतचे सगळे हात टेबलावर उघडे करून मांडत होता. "हे बघ व्हर्डे, कुठाय बदाम? दाखव."

"दाखवते की," व्हर्डेल माइककडं वळत म्हणाली. "तू मांड सावकाश. अजून सात गाणी आहेत."