विदोसावाबाईंची बिघडलेली फाइल

आमच्या चाचाक गावात माणूस म्हातारपणानं मरत नाही, समोरासमोर उघड्या राहिलेल्या दोन खिडक्यांमधल्या वाऱ्यानं मरतो. वरच्या मजल्यावरच्या विदोसावाबाईंचा यावर इतका विश्वास, की त्यांनी घरच्या कॉम्प्युटरलाही लोकरीचं जाकीट विणून घातलं होतं. उंच कॉलर, पुढे तीन बटणं.

बाई जन्मभर बालवाडीत स्वयंपाकीण. अर्ध्या गावाला त्यांनी दमात घेऊन सूप संपवायला लावलंय. मी साठीचा झालो तरी त्यांच्यापुढे वाटी उष्टी टाकत नाही. नवरा रादिसाव दोन वर्षांपूर्वी गेला. हा मोठा खटपट्या माणूस. कॉम्प्युटर सुरू करताना जी सुरावट वाजते, तिच्या जागी त्यानं स्वतःचा आवाज बसवला होता : "विदा, खिडकी लाव!" तो गेल्यावरही बाई रोज सकाळी बटण दाबत, हुकूम ऐकत आणि उठून खिडकी लावत. लावलेलीच असली, तर उघडून परत लावत.

मार्चमध्ये कॉम्प्युटर चालता चालता बंद पडायला लागला. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त, म्हणजे इमारतीच्या मते इंजिनीयर. बाईंनी मला बोलावलं. जाऊन बघतो तर तळमजल्यावरच्या मिलुन्कानं त्याच्या पाठीवर राकी दारूत भिजवलेलं फडकं ठेवलेलं.

"ताप आहे त्याला," मिलुन्का म्हणाली. "हात लावून बघा."

खरंच तापला होता. मी बटणं सोडायला लागलो.

"अहो शेजारी, उघडा कुठे करताय त्याला!" बाई ओरडल्या.

"गुदमरलाय तो. आतल्या पंख्याला हवा नाही."

"आत पंखा आहे?" बाई खुर्चीत बसल्याच. "म्हणजे इतकी वर्षं याच्या पोटातच वारा? मग आजारी पडेल नाही तर काय!"

जाकीट काढून गप्प घरी गेलो असतो, तर बरं झालं असतं. पण मला हुशारी सुचली. सारखं बंद पडल्यानं सिस्टमच्या फायली बिघडतात, म्हणून मी तपासणी लावली. त्यात कॉम्प्युटर आपली एकेक फाइल मूळ नमुन्याशी ताडून बघतो आणि बिघडलेली दिसली की बदलून टाकतो. शंभर टक्के होईपर्यंत मी दोन वाट्या सूप प्यालो. पडद्यावर आलं : एक बिघडलेली फाइल सापडली, दुरुस्त केली. मी ऐटीत कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला.

बाई खिडकीशी जाऊन उभ्या होत्या, हात कडीवर. कंपनीची मूळ सुरावट वाजली. टिंग टुंग. संपली.

"बोलला नाही तो," बाई म्हणाल्या.

अख्ख्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड एकच होता, आणि तो रादिसाव होता.

"माझ्या नवऱ्याला दुरुस्त केलंत तुम्ही?" बाईंनी अगदी हळू विचारलं. मिलुन्कानं छातीवर क्रूसाची खूण केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन दिवस मी तो कॉम्प्युटर उपसला. शेवटी 'हात लावू नका' नावाचा फोल्डर सापडला. त्यात रादिसावची सतरा ध्वनिमुद्रणं. सोळांत मागून बाई खेकसतायत, "कुणाशी बोलतोयस रे?" सतरावं तेवढं स्वच्छ. ते मी परत सुरावटीच्या जागी बसवलं.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बाई मला जेवायला बोलावतात. जाकीट परत चढलंय, फक्त पाठीला पंख्यापुरतं भोक आहे. मी तपासणी लावतो. नुसती तपासणी, दुरुस्ती नाही. बाई पळी हातात घेऊन मागे उभ्या राहतात, आणि शंभर टक्के होईपर्यंत कुणाला वाढत नाहीत.

"काय म्हणतोय?"

"एक बिघडलेली फाइल सापडली."

"म्हणजे बरा आहे," असं म्हणून बाई सूप वाढायला घेतात.