दोन्ही डोळे बांधून ऐकलेलं अंतराळ

"मागचा पडदा सुटलाय," डॉक्टर म्हणाले. "आजच दाखल व्हा. आणि मान फार हलवू नका."

आजाराचं नाव रेटिनल डिटॅचमेंट. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पातळ अस्तर असतं, त्यावर चित्र उमटतं. माझ्या उजव्या डोळ्यातलं ते अस्तर ओल आलेल्या भिंतीवरच्या रंगासारखं सुटत होतं.

लक्षणं आधीच दिसली होती. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत सत्यनारायणाच्या पूजेनंतर भाड्याचा व्हीसीआर आणून सिनेमा दाखवतात. यंदा सेक्रेटरींनी सभासदांची अभिरुची सुधारण्यासाठी इंग्रजी सिनेमा आणला. अंतराळात एकटाच भरकटलेला वैमानिक आणि त्याचं यान. उजवीकडे सारख्या विजा चमकत होत्या. मी मनातल्या मनात दिग्दर्शकाला दाद दिली. मग खालच्या कोपऱ्यातून काळी सावली वर चढू लागली, तेव्हा शेजाऱ्याला म्हणालो, "टीव्हीला एक थाप मार रे." त्याने मारली. सावली हलली नाही.

तुम्हाला अशा विजा दिसल्या तर टीव्हीला मारू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. स्क्लेरल बकल, म्हणजे डोळ्याला बाहेरून सिलिकॉनची पट्टी शिवून आतलं अस्तर पुन्हा भिंतीला टेकवणं. नंतर दोन्ही डोळे बांधले, कारण एक हलला की दुसराही हलतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मोठे सर्जन शिष्यपरिवारासह राऊंडला येत. मला ती नुसती बुटांची मिरवणूक ऐकू येई. "दिसेल ना?" विचारलं की म्हणत, "पट्टी सोडल्यावर कळेल." एवढं मलाही माहीत होतं.

वाचायला नसलं की मी असह्य होतो. माझी बायको सुलभा अंधेरीच्या शाळेत इंग्रजी शिकवते. सिनेमा ज्या कादंबरीवरून काढला होता ती तिने लायब्ररीतून आणली आणि घरी टेपरेकॉर्डरसमोर बसून, मराठीत सांगत, कॅसेटी भरल्या.

सिनेमातलं यान लख्ख होतं. सुलभाच्या यानात कुकरची शिट्टी व्हायची. गुरूच्या चंद्रांमागून भंगारवाला ओरडत जायचा. वैमानिक पृथ्वीला हाक मारी आणि आमच्या दाराची बेल वाजे. औषधाच्या गुंगीत मला ते सगळं पटायचं. अंधार माझ्याकडे होताच. खाट जमिनीपासून सुटून हलकेच त्यात तरंगू लागे.

शेजारच्या खाटेवर मालवणचे सावंत होते. गिरणीतून निवृत्त, आणि ऑपरेशन तेच. कॅसेट संपली की विचारत, "परत येता मां तो?"

"येतो हो. मी सिनेमा पाहिलाय."

"मगे आपले डोळेपण येतले."

असल्या शकुनांवर माझा विश्वास नाही. तरी मीही त्या वैमानिकाच्याच भरवशावर पडून होतो.

शेवटची कॅसेट लावताना सुलभा थबकली. "अहो, ही राहू दे का?"

"का?"

"सिनेमात वेगळं आहे."

आम्ही ऐकली. पुस्तकातला वैमानिक परत येत नाही. इंधन संपतं. तो पृथ्वीशी बोलत राहतो, घराच्या, जेवणाच्या गोष्टी काढतो. उत्तर येत नाही. टेप खट्कन थांबला.

"मेल्या सिनेमावाल्यांनी फसवल्यानी," सावंत म्हणाले.

"तुला शेवट बदलता आला असता," मी सुलभाला म्हणालो.

"आला असता. मग डॉक्टर काही बरं बोलले असते, तर तेही मीच पढवलंय असं वाटलं असतं तुम्हाला."

पट्टी सुटली. डावा डोळा झाकून सर्जननी विचारलं, "किती बोटं?"

"दोन. वाकडी."

"वाकडीच दिसतील. या डोळ्याने वाचता येणार नाही. पण आंधळा नाही झालात." त्यांचं इतकं सरळ बोलणं मी प्रथमच ऐकलं, आणि मनापासून आभार मानले. सावंतांना माझ्यापेक्षा बरं दिसू लागलं होतं. ते मोठ्याने खिडकीचे गज मोजत होते.

मी तसाच उजव्या डोळ्याने सुलभाला शोधू लागलो. समोर नुसतं धुकं होतं, मध्ये कुंकवाचा लाल ठिपका.

"बोल काहीतरी," मी म्हणालो.

"काय बोलू? पुस्तक संपलं ना."

"तरी बोल."

सोसायटीत पाणी नाही, दूधवाला दांडी मारतोय, सेक्रेटरी चौकशी करत होते, असं ती सांगू लागली. तिच्या आवाजाभोवती हळूहळू तिचा चेहरा जमा होत गेला.