न घातलेलं दूध

नव्याण्णव सालच्या सुरुवातीला मी बारामतीत एका दूध संघाच्या कार्यालयात संगणकावर कामाला लागले. संगणकाचा डिप्लोमा केलेली तिथं मी एकटीच. त्यामुळं ज्या कामाला वायर आहे ते काम माझं, असा सगळ्यांचा समज होता. पंखा बंद पडला तरी लोक मलाच हाक मारायचे. मी तोंडावर हसायचे आणि मनात चरफडायचे. आमच्या घरातली ती पहिली पगाराची नोकरी होती, चरफडण्यापलीकडं काही करायची सोय नव्हती.

महिना झाल्यावर एका रविवारी घरी गेले. घर इंदापूर तालुक्यात, निरवांगीच्या अलीकडं उतरून अर्धा तास चालत. गाव ओढ्याच्या अलीकडं आणि आमची बौद्ध वस्ती पलीकडं. चौदा घरं, जवळजवळ प्रत्येकाच्या दारात एक-दोन जर्सी गायी. त्या दिवशी बघावं त्या चुलीवर कढई आणि कढईत खवा आटत होता. सण नाही, लग्न नाही. मी विचारलं तर आई म्हणाली, "तुला नोकरी लागली न्हवं? साहेबास्नी पेढं ने."

मी भारावले. अख्खी वस्ती माझ्या नोकरीसाठी खवा आटवते आहे, असं मला खरोखर वाटलं. दुसऱ्या दिवशी डबा भरून पेढे कार्यालयात वाटले. आमच्या विभागाच्या साहेबांनी चार तिथल्या तिथं खाल्ले आणि दोन कागदात बांधून घरी नेले.

जूनमध्ये साहेबांनी वेब पानांचं काढलं. पुण्याहून पाहुणे येणार होते. त्यांना संगणकाच्या पडद्यावर संघातल्या प्रत्येक गावाचं पान दाखवायचं. वर गावाचं नाव, मधे चार ओळी माहिती आणि खाली जानेवारीपासून रोज किती दूध जमलं त्याचा आलेख. वेब पान म्हणजे काय हे साहेबांना ठाऊक नव्हतं आणि मला अर्धवट ठाऊक होतं. गावं चाळीस आणि दिवस आठ.

चाळीस पानं हातानं लिहायची म्हणजे डोक्याला ताप. मग एका पुस्तकात बघून मी एकच पान साचा म्हणून केलं. तलाठ्याकडं दाखल्याचे छापील कागद असतात ना, मजकूर ठरलेला आणि नावाच्या जागी टिंबं, तसंच. साच्यात मी गावाच्या नावाच्या जागी दोन फुल्या मारल्या आणि आलेखाच्या जागी चार. फुल्यांच्या जागी नाव आणि दुधाचे आकडे भरणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. आकडे पानाच्या पोटातच बसायचे आणि पान उघडलं की त्यांची रेघ पडद्यावर उमटायची.

पहिल्यांदा चालवला तर चाळीसच्या चाळीस पानांवर वडगाव निंबाळकर. दुसऱ्यांदा नावं बरोबर, पण प्रत्येक गावाचं दूध शेजारच्या गावाच्या पानावर. तिसऱ्यांदा सगळं जागच्या जागी बसलं आणि मी खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली. मग एकेक पान उघडून बघायला लागले, आणि चाळीसातलं एक पान बिघडलेलं निघालं. नेमकं माझ्या गावाचं.

रेघ चांगली सरळ चालली होती. फेब्रुवारीत ती एकदम खाली पडली, खालीच आडवी चालली आणि पुन्हा एकदम वर आली. मोजले, नऊ दिवस. दूध कमी होतं ते हळूहळू होतं, गाय आटत जाते. असं चौकोनी खड्ड्यासारखं कधी होत नाही. चूक माझीच असणार, असं मी धरून चालले.

दोन दिवस मी त्या खड्ड्याच्या मागं लागले. गावांचा क्रम उलटा केला, तरी खड्डा माझ्याच गावाच्या पानावर. साच्यातल्या फुल्या पुसून परत मारल्या. आकडे दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवले. काही केल्या तो हलेना. शेवटी संकलन केंद्राची मूळ वही मागवली, तर वहीतही नऊ दिवस तेच कमी आकडे, स्वच्छ अक्षरात, खाडाखोड नाही. माझं डोकं चक्रावलं. प्रोग्रॅम बरोबर, फ्लॉपी बरोबर, वही बरोबर आणि रेघ मात्र चुकलेली. असं कसं होईल, हे मला काही केल्या कळेना.

साहेब मागं येऊन उभे राहिले. "दूध गेलं कुठं एवढं? गायी रजेवर गेल्या होत्या का, मॅडम?"

त्यांनी गावच्या केंद्राच्या सचिवाला फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "लिहिताना काय तरी ऱ्हायलं असंल साहेब. धरा की आपली सरासरी."

"भरा सरासरी," साहेब मला म्हणाले. "पाहुणे शनिवारी येतायत."

कुठं तरी पाणी मुरतंय, असं वाटलं. पण घरी फोन नव्हता आणि विचारायला जायला वेळ नव्हता. मी त्या एका पानात नऊ आकडे हातानं बदलले. रेघ शहाण्यासारखी सरळ झाली. पाहुण्यांनी शनिवारी सगळी पानं बघितली, साहेबांची पाठ थोपटली, साहेबांनी माझी. मला त्या रेघेचा अभिमान वाटला होता, हे सांगताना आजही कान गरम होतात.

रविवारी त्या पानाचा कागदावर छाप काढून घरी नेला. आईला अक्षरं लागत नव्हती, पण मी समजावून सांगितलं की एकेक ठिपका म्हणजे एकेक दिवस, ठिपका वर तर दूध जास्त, खाली तर कमी. तिनं कागद गुडघ्यावर पसरला, रेघेवरनं बोट फिरवलं आणि विचारलं, "तू पेढं घिऊन गेलीस त्यो आयतवार कुठला?"

मी मोजून दाखवला. तिनं तिथं बोट ठेवलं आणि उचललं नाही.

"हितं रेघ खाली पायजे."

तुला कसं माहीत, मी विचारलं.

मग ती सांगायला लागली. केंद्रावर वस्तीच्या बायकांच्या किटलीत सचिव रोज डिग्री बुडवायचा, दुधात पाणी आहे का बघायला. गावच्यांच्या किटलीत आठवड्यातनं एखाद्या वेळी. कुणाच्याही दुधात कधी पाणी निघालं नव्हतं, तरी रोज बुडवायचा, सगळ्यांसमोर. एक दिवस आई त्याला म्हणाली की लावायची तर सगळ्यांस्नी लावा, न्हायतर आमालाबी लावू नका. तो म्हणाला, जमणार न्हाय, नसंल पटत तर घालू नका दूध. चौदा घरांनी दुसऱ्या दिवसापासून दूध घातलं नाही. पोरांना पाजलं, दही लावलं, उरलेलं आटवलं. खवा खाऊन खाऊन पोरं खव्याकडं बघंनात. दहाव्या दिवशी सचिव स्वतः ओढा ओलांडून आला. तेव्हापासून केंद्रावर प्रत्येकाच्या किटलीत रोज डिग्री बुडते.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नुकती चिकटलीस तितं. साहेबानं तुलाच धरलं असतं तर?" तिनं कागदावरचं बोट अजून हलवलं नव्हतं. "आमी नऊ दिस घातलं न्हाय. आन् तू घातलंस व्हय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडायला मला फार लागत नाही. ती नुसती विचारत होती. ज्या एका ठिकाणी तिचं म्हणणं कुणी न सांगता उमटलं होतं, ते मी दोन दिवस चूक म्हणून शोधलं आणि बुजवून टाकलं. मला रडू आलं. तिनं कागद घडी घालून माझ्या हातात दिला आणि गायीला पेंड घालायला गेली.

परतीच्या गाडीत भवानीनगर येईपर्यंत मी तो कागद तीनदा उघडला. खरा आकडा चुकीचा दिसतो आणि मी भरलेला खोटा आकडा बरोबर दिसतो, हे काय आहे, मला उलगडेना. नोकरी जाईल का, हाही विचार होताच. तो नव्हता असं म्हणणार नाही.

सोमवारी मी काही बदललं नाही. मूळ आकड्यांवर साचा पुन्हा चालवला, एवढंच. चाळीस पानं नव्यानं तयार झाली आणि माझ्या गावाच्या पानावर खड्डा जिथल्या तिथं आला. मी पान पडद्यावर उघडं ठेवलं आणि साहेबांना बोलावलं.

"अहो मॅडम, ही चूक परत आली की!"

"चूक न्हाय ती," मी म्हणाले. कार्यालयात मी जपून बोलायचे, पण त्या दिवशी ते जमलं नाही. डिग्रीचं सांगितलं, चौदा घरांचं सांगितलं, माझी आई त्यात पुढं होती हेही सांगितलं.

साहेब गोंधळले. त्यांना पटत नव्हतं की खोडता येत नव्हतं, कोण जाणे. "बरं, नाही घातलं," ते म्हणाले. "पण नऊ दिवसांचं दूध आहे हो. मग ते गेलं कुठं?"

"फेब्रुवारीत मी पेढे आणले होते, साहेब. तुम्ही चार खाल्ले. दोन घरी नेले."

त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि पुन्हा लावून पडद्यावरचा खड्डा बघितला. सरासरीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.