आईचा कोटा

आमच्या घरात दोन पक्ष आहेत आणि दोन्ही माशांवर जगतात. वळ गावात बाबांच्या भातशेतीच्या जागी आता गोदाम उभं आहे. भाडेकरू तिथे परदेशातून आलेले गोठवलेले मासे ठेवतो. डोकं नाही, शेपूट नाही, काटा नाही, नुसते पांढरे तुकडे. त्या भाड्यावर बाबांनी मोठी गाडी घेतली. आई मात्र अजूनही भिवंडीच्या मासळी बाजारात, सासूने सोडलेल्या जागेवर बसते आणि खाडीची बोय, कोलंबी, नशीब असलं तर जिताडा विकते. बाबा म्हणतात, आता पुरे झालं. आई ऐकून घेते आणि सकाळी टोपली उचलते.

अलीकडे आईची गिऱ्हाइकं गळायला लागली. टॉवरमधल्या बाया बिनकाट्याचा मासा मागू लागल्या. पडघ्याचा ढाबेवाला रोज टोपलीभर बोय न्यायचा, तो यायचाच बंद झाला. मग कळलं, आमच्याच गोदामातला माल त्याच्याकडे जातो. दुपार झाली की उरलेलं म्हावरं पॉवरलूमवाल्यांच्या खाणावळींना पडेल त्या भावात द्यायची पाळी यायची. शेजारच्या दोघींनी जागा सोडली. आईनेही सोडली तर काय, या विचाराने माझा जीव खालीवर व्हायचा. ती घरी बसली तर भांड्यांची आणि आमची खैर नव्हती.

मी आयात मालाची कागदपत्रं करणाऱ्या कचेरीत नोकरी करते, म्हणून घरात मी विद्वान. एका रविवारी जेवताना आईने विचारलं, एवढ्या लांबून येऊन हा मासा माझ्यापेक्षा स्वस्त कसा? मी सांगितलं, काही देशांशी आपला करार असतो, त्यांच्या मालावर जकात कमी किंवा माफ. कधी कोटाही असतो. ठरलेला माल सवलतीत आणायचा, त्याच्या वर आणला तर पुरी जकात भरायची. आईने भाकरी मोडता मोडता त्याचा अर्थ लावला. म्हणजे सोयरीक. सोयऱ्याला फुकट बसवायचं, परक्याकडून पट्टी घ्यायची. मी म्हटलं, अगदी तसंच.

“मंग सोयरीक जुळवताना मना कुनी इचारलं?”

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी आपली बाजू सांभाळत म्हटलं, या सोयरिकीत आपलीही कोलंबी तिकडे जाते. जात असेल, आई म्हणाली, माझी तर बाजारातच पडून राहते.

एकदा बाबांनी गोदामातलं एक पाकीट आणून तळायला लावलं. आम्ही सगळे आईच्या तोंडाकडे बघत होतो. मला वाटलं, आता ही ताट सरकवणार. तिने सावकाश तुकडा संपवला आणि खरं तेच सांगितलं. चव नाही, पण काटाही नाही, पोरं आवडीने खातील. आई भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने कबूल केलं तेव्हा मी खरी घाबरले.

मग भाडेकरूला कराराची मुदत वाढवून हवी झाली. त्याचा मॅनेजर पेढे घेऊन आमच्या ओटीवर आला. बाबा पेन उघडून बसले, आणि काय मनात आलं कोण जाणे, सही न करता त्यांनी आत हाक मारली. आई पदराला हात पुसत बाहेर आली.

“तुजं काय म्हननं हाय?” बाबांनी विचारलं.

आई मांडी घालून बसली, सोयरीक ठरवायला बसतात तशी, निवांत. गोदामाची पुढची छोटी थंड खोली रिकामीच असते ना, असं तिने विचारलं. मॅनेजर हो म्हणाला. बाजारातल्या बायांचं उरलेलं म्हावरं रात्रभर तिथे राहील, सकाळी परत जाईल, आई म्हणाली. मॅनेजरने वासाचं कारण काढलं. आईने झाकणाच्या डब्यांची हमी दिली. मग त्याला साहेबांची परवानगी आठवली. आईने चहा मागवला आणि बसून राहिली.

“साब, आपका मछली हमारे देस में कोटे से आता हाय ना? तो हमारा आपके खोली में कोटे से आयेगा. बीस डब्बा, जकात माफ.”

मॅनेजरला हसू आवरेना. त्याने तिथूनच साहेबांना फोन लावला आणि परवानगी मिळाली.

आता दुपारी बाबांची गाडी बाजाराच्या तोंडाशी उभी असते. मागच्या सीटवर प्लास्टिक अंथरून डबे वळच्या गोदामात जातात. गाडीला वास मारतो म्हणून बाबा कुरकुरतात आणि काचा खाली करून निघतात. जागा सोडून गेलेल्या दोघींपैकी एक परत आली आहे. ढाबेवाला काही आला नाही, येईल असं वाटतही नाही.

त्या दिवशी मॅनेजर गेल्यावर मी आईला म्हटलं, जिंकलीस तू. ती पेढ्यांचा खोका सोडत होती.

“खोलीचं ऱ्हाऊ दे गो. त्या शेतात मी भात लावला. शेत गेलं तवा तुज्या बापसानं मना इचारलं न्हवतं. आज इचारलं.”

मग तिने पहिला पेढा नेऊन बाबांच्या हातावर ठेवला.