स्मॅशरची बदली

"मॅडम, यावर फक्त शिक्का मारून द्या," असं म्हणत रफीकभाईंनी माझ्या टेबलावर निवेदनाचा जाड गठ्ठा ठेवला. त्यांच्यामागे दारात दहा-बारा जण उभे होते. सगळे अहेरीच्या व्हॉलीबॉल टीमचे चाहते. रफीकभाई टेलर. टीमच्या जर्स्या तेच शिवतात.

मागणी एका ओळीची होती: वनरक्षक दिनेश मट्टामी यांची बदली करू नये. पुढे पानोपानी सह्या. सर्वांत वर एका पुढाऱ्याचं शिफारसपत्र, टाचणी लावलेलं.

दिनेश आमचा कर्मचारी आणि टीमचा स्मॅशर. स्मॅशर म्हणजे उंच उडी घेऊन नेटवरून बॉल खाली ठोकणारा. टीमचे निम्मे पॉइंट तो एकटा काढायचा. पण अहेरीतली त्याची मुदत संपली होती. बदली होणारच होती. मी वन विभागाच्या आस्थापना शाखेत होते. नेमणुका, रजा, बदल्यांचे कागद माझ्याकडे.

मी शिफारसपत्र वाचलं.

"हे दिनेशने आणायला सांगितलं?"

"त्याले मालूमच नाई. सरप्राइज हाये."

"मग चौकशीचं सरप्राइज मिळेल त्याला."

सरकारी कर्मचाऱ्याच्या बदलीसाठी बाहेरून राजकीय वजन आलं, तर ते त्यानेच आणलं असं धरलं जातं. नियमात ती गैरवर्तणूक आहे. कागदावर आवक क्रमांक टाकला की तो कार्यालयाचा होतो. मग परत मिळत नाही. मी अजून क्रमांक टाकला नव्हता.

"गठ्ठा अजून तुमचाच आहे. परत नेता की ठेवता?"

दारातच वाद सुरू झाला. बिश्वासदा मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतले मासेविक्रेते. प्रत्येक मॅचला मोटरसायकलवर येतात. ते म्हणाले, "कागद नाही दिला तर तो गेलाच समजा. गडचिरोलीची टीम हार घेऊन उभी आहे."

"अन् देल्ला तर नोकरी जाईन त्याची!" रफीकभाई वळले. "मंग स्मॅश कुठी मारन? तुमच्या मच्छीच्या टोपलीत?"

"तुमाले काय भाऊ, त्याची गडचिरोलीची जर्सीबी तुमीच शिवसान," मागून एक जण बोलला.

रफीकभाईंनी त्याच्याकडे पाहिलं, गठ्ठा उचलला आणि काखेत धरला. "मंग आमी काय करावं, मॅडम?"

"काही नाही. जागा दिनेश निवडणार. रिक्त जागांची यादी बाहेर फलकावर आहे. वाचून घ्या."

बदल्या समुपदेशनाने होत्या. म्हणजे सगळ्यांना एका सभागृहात बसवायचं, रिकाम्या जागा पडद्यावर दाखवायच्या आणि क्रमाने ज्याला त्याला विचारायचं. दुर्गम भागात काम केलेल्यांना आधी विचारतात. दिनेशने तसं काम केलं होतं, त्यामुळे त्याचा नंबर वरचा होता. चाहत्यांची धास्ती हीच होती. त्याला चांगली जागा मिळणार, आणि चांगली जागा म्हणजे अहेरीपासून लांब.

खिडकीतून फलकासमोरचं बोलणं ऐकू येत होतं.

"गडचिरोली, वडसा, आरमोरी... अहेरीच्या बाजूचं एकबी नाई."

"खाली भामरागड हाये."

"ते सोड. पावसाळ्यात रस्ता बंद. तिथी कोन मागून जाते?"

समुपदेशनाच्या दिवशी ते सगळे फाटकाबाहेर उभे होते. आत दिनेशचं नाव पुकारलं गेलं. साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. "मट्टामी, नशीबवान आहात. गडचिरोली शहर अजून मोकळं आहे. लिहू?"

"नाई साहेब. भामरागड."

सभागृहात कुजबुज झाली. साहेबांनी चष्मा काढला.

"विनंती असेल तर लेखी लागेल. एकदा नोंद झाली की फिरवता येणार नाही."

दिनेशने खिशातून घडी केलेला कागद काढला. अर्ज एका ओळीचा होता, त्याच्याच अक्षरात.

"कारण?" साहेबांनी विचारलं.

"गडचिरोलीच्या टीममदी चार स्मॅशर हायेत, साहेब. तिथी मले बाहेर बसून पाणी वाटा लागन. भामरागडहून एका बसमदी अहेरीले येता येते."

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात कोन व्हॉलीबॉल खेळते, साहेब?"

साहेब हसले आणि त्यांनी सही केली. ती जागा बरेच दिवस कोणी घेत नव्हतं. साहेबांच्या डोक्यावरचंही एक ओझं उतरलं. फाटकाबाहेर बातमी माझ्याआधी पोचली. बिश्वासदा रफीकभाईंना मिठी मारून नाचत होते. रफीकभाई ओरडत होते, "सोडा दादा, मच्छीचा वास लागून राह्यला!"

पावसाळा संपल्यावर दिनेशचे रजेचे अर्ज माझ्या टेबलावर येऊ लागले. सगळे नियमात बसणारे होते. अहेरीच्या स्पर्धेची फायनल गडचिरोलीविरुद्ध झाली. मी सहसा मॅच पाहत नाही. त्या दिवशी गेले. शेवटच्या सेटचा शेवटचा पॉइंट दिनेशने मारला. समोरच्या खेळाडूचे हात वर जाईपर्यंत बॉल जमिनीवर आपटून बाहेर गेला होता. अहेरीची टीम जिंकली. गडचिरोलीचे चारही स्मॅशर त्याच्याशी हात मिळवायला आले.

बदल्यांच्या टेबलावर बसून मला एवढंच कळलं. सगळ्यांना हवी असते त्या जागेसाठी वशिला लागतो. कोणालाच नको असते ती मागायला एक ओळ पुरते.