आईचं पहिलं मत आणि माझा तक्ता

देशाच्या दुसऱ्या निवडणुकीत आमचा गाव कुणाला मत देणार, हे गावाच्या आधी मला माहीत होतं.

मी नुकताच बी. ए. झालो होतो. आमच्या खाडीकाठात तोवर कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. तेव्हा नवी मुंबई वगैरे काही नव्हतं. होती ती भातशेती, मिठागरं, खाडी आणि खाडीतली मासळी. बाबांनी मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहून मला पनवेलला शिकवलं. ते उपकार फेडायचे तर आपल्या ज्ञानाचा गावाला उपयोग झाला पाहिजे, असं मला मनापासून वाटायचं. (गावाला तसं वाटत होतं का, हे विचारायचं राहून गेलं.)

म्हणून मी उरणपासून पनवेलपर्यंत सायकलने हिंडून एक तक्ता तयार केला. खाडीकाठची गावं, मिठागरांची गावं, बाजारपेठा, डोंगराकडच्या वाड्या असे चार रकाने. पक्षांची नावं इथे सांगत नाही. आमच्याकडेही ती कुणाला ठाऊक नव्हती. सगळे चिन्हांनीच ओळखत. एक माड, दुसरा कंदील. खाडीकाठ सगळा माडाला, मिठागरं सगळी कंदिलाला, बाजारपेठा निम्म्या-निम्म्या, असा माझा निष्कर्ष होता. शेवटी शाई गडद करून लिहिलं होतं : ‘स्त्रिया घरातील पुरुषांच्या मागे जातात, सबब त्यांचा निराळा विचार केलेला नाही.’

हा तक्ता माडवाल्यांच्या पनवेलच्या एका कार्यकर्त्याने सभेत वाचून दाखवला. बाबा पहिल्या रांगेत बसले होते. त्या दिवसापासून ते मला ‘तुमी’ म्हणायला लागले.

आईचं मात्र वेगळंच चाललं होतं. तिला पक्षाशी देणंघेणं नव्हतं, तिला यादीतल्या नावाशी होतं.

त्याचं असं झालं होतं. पहिल्या निवडणुकीच्या आधी नावं लिहायला कारकून आला, तेव्हा त्याने विचारलं, “बाईंचं नाव?” आई लाजून आत गेली. बाबांनी जन्मात तिला नावाने हाक मारलेली नव्हती. ते म्हणाले, “लिवा, हाशाची बायको.” कारकुनाने तसंच लिहिलं. वरून हुकूम आला की असली नावं काढून टाका. गावातल्या निम्म्या बायका अशाच गळाल्या. मतदानाच्या दिवशी बाबा बोटाला शाई लावून आले आणि आठ दिवस ते बोट वर धरून जेवले.  आईच्या आमटीत आठ दिवस मीठ नव्हतं. (मिठागराच्या गावात!)

या खेपेला मी स्वतः तालुक्याच्या कचेरीत जाऊन तिचं नाव घालून आणलं. ‘बामीबाई हाशा.’ छापील यादी घरी आणली तेव्हा तिने विचारलं, “यात मी कंची?” मी बोट ठेवलं. ती बराच वेळ बघत राहिली. वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिली.

मतदान खाडीच्या फाट्यापलीकडच्या गावातल्या शाळेत होतं. बांधावरून वळसा घालून गेलं तर अर्धा दिवस, होडीने पाव तास. मी धर्मा तांडेलाची मोठी होडी ठरवली. तांडेल म्हणाला, “आठला भरती हाय. सगल्यांनी साडेसातला यावा.”

साडेसातला सगळे आले. बायका नवी लुगडी नेसून, पुरुष धुतलेल्या टोप्या घालून. आई तर सहालाच येऊन बसली होती. मी इस्त्रीची विजार आणि पॉलिश केलेले बूट घालून, हातात यादी घेऊन पोचलो आणि म्हणालो, “कुणी चढू नका. आधी हजेरी घेतो. यादीतल्या क्रमाने चढायचं.”

“यादी कशाला?” आत्या म्हणाली. ही बाबांची थोरली बहीण; तिच्यासमोर तांडेलसुद्धा हळू बोलायचा. “होडी काय शाला हाय?”

“तिथे गडबड नको म्हणून, आत्या. शिस्त लागते.”

यादी घरनंबराप्रमाणे होती आणि घरनंबर कुणीतरी मागे-पुढे कसेही टाकले होते. पंधरावं नाव वाचलं तर तो म्हणाला, “माजा भाव माज्या आदी कसा?” सतरावा मेलेला निघाला. त्याची बायको रडायला लागली. तिला समजावण्यात थोडा वेळ गेला. बाविसावा आणि तेविसावा बांधाच्या वादावरून बोलत नव्हते, ते शेजारी उभे राहीनात.

“बीए,” तांडेल म्हणाला, “पानी उतरतंय.”

“पाचच मिनिटं.”

“पाच मिनिटा पान्याला सांग.”

यावर बाबा उठले. “धर्मा, तू गप रव. पोरगा शिकलाय. त्यांना समजतं.”

झालं. बाबांनी असं म्हटल्यावर कोण बोलणार? भरती-ओहोटी ज्यांच्या रक्तात अशी एकतीस माणसं, पाणी डोळ्यांदेखत मागे सरकताना बघत, एका बी. ए. झालेल्या माणसाच्या शब्दाखातर गुपचूप काठावर उभी राहिली. इतका आदर मला त्यानंतर कधीच मिळाला नाही.

साडेदहाला होडी सुटली. फाट्याच्या बरोबर मध्यावर आली आणि हळूच, कुणाला धक्काही न देता, बसली. तांडेलाने बांबू खाली घातला. तो चिखलात शिरला आणि उभाच राहिला.

“आता?” मी विचारलं.

“आता सांजच्याला. सहा वाजता तरल.”

शाळेचं दार पाचलाच बंद होणार होतं. मी आईकडे बघितलं नाही.

दहा मिनिटांत होडीभोवती पाणी नावाला उरलं. मग वेळ जावा म्हणून लोक बोलायला लागले आणि माझा तक्ता माझ्या डोळ्यांपुढे एकेक करून बुडू लागला. बाविसावा म्हणाला, तो माडाला देणार, कारण तेविसावा कंदिलाला देणार आहे. तेविसावा म्हणाला, “मग मी माडाला. बग काय करतोस तो.” आत्या म्हणाली, “मी कंदिलाला. माडावरना पडून माजा नवरा गेला.” मी खिशातला तक्ता आणखी खोल सारला.

“पन आपन जानार कदी?” आई एकदम म्हणाली.

“आई, वाट नाही. चिखल आहे.”

“चिकलच हाय ना?”

आईचं माहेर खाडीकाठचं करावे गाव. लहानपणापासून ती ओहोटीला चिखलात उतरून खुबे, निवट्या अशी चिखलातली शिंपली-मासळी पकडत आलेली. तिने लुगड्याचा काष्टा वर खोवला, होडीच्या कडेवरून पाय टाकला आणि गुडघाभर रुतून उभी राहिली. मग डावीकडे दोन पावलं गेली, तिथे घोट्यापर्यंतच चिखल होता.

“इतं कालवांची धार हाय, शिंपल्यांचा तल कडक. माज्या पावलांवर पाऊल टाका. मदी थांबू नका, थांबला तो रुतला.”

आधी आत्या उतरली. मग सगळ्या बायका. मग पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं, टोप्या सारख्या केल्या आणि उतरले. बाबासुद्धा. एकतीस माणसांची रांग खाडीतून निघाली, पुढे बायका आणि त्यांच्या मागे, अगदी पावलावर पाऊल, घरातले पुरुष. माझ्या तक्त्यातलं शेवटचं वाक्य माझ्यासमोर उलटं चालत होतं.

मीही उतरलो. यादी डोक्यावर धरली होती. तीन पावलं ठीक गेली. चौथ्याला वाटलं, थांबून एकदा माणसं मोजावीत.

मांडीपर्यंत गेलो. बाबा आणि तांडेल मागे वळले, दोघांनी काखेत हात घालून मला ओढलं. मी आलो, उजवा बूट आला नाही. मला पुन्हा होडीत टाकलं तेव्हा विजारीचा रंग कुणाला सांगता आला नसता.

“त्याला र्‍हाऊ द्या,” तांडेल म्हणाला. “होडीवर कोनतरी पायजेच. शिकलेला मानूस हाय, लक्ष ठेवल.”

आई वीसेक पावलांवर थांबली होती. थांबू नका म्हणणारी तीच, आणि तीच रुतत होती.

“पोरा, मी र्‍हाऊ का तुज्यासंगं?”

ती खरंच राहिली असती. पाच वर्षं वाट बघितलेलं मत टाकून माझ्यासाठी होडीत येऊन बसली असती. त्या दिवसभरात एवढंच एक शहाणपण मला सुचलं.

“जा, आई. तुझं नाव पुकारतील.”

मग मी बसलो. ऊन, चिलटं आणि माझ्याकडे टक लावून बघणारा एक बगळा. सहाला पाणी चढलं. तांडेल पलीकडच्या गावच्या होडक्यातून आला आणि त्याने होडी त्या काठाला लावली. सगळे चढले. सगळ्यांच्या बोटांना शाई. आईने बोट पदरात गुंडाळलं होतं, पुसलं जाईल म्हणून.

बाबा माझ्याजवळ येऊन बसले. “त्या सायबाने मोठ्याने नाव घेतला. बामीबाई हाशा. तर ही मागं वलून बगते, कोन ती म्हनून. मग मीच बोललो,” बाबांनी घसा साफ केला, “जा, बामे.”

आई खाडीकडे बघत होती. हसत होती.

“आई, कुणाला दिलंस?” मी हळूच विचारलं.

“गुपित र्‍हातं ना? तुज्या बापाला पन नाय सांगितला.”

बाबांनी मान हलवली. त्यांनाच ते जास्त लागलेलं दिसत होतं.

निकाल लागला. खाडीकाठ कंदिलाला गेला, मिठागरं माडाला. तक्ता उलटा टांगला असता तर तंतोतंत बरोबर होता. चार दिवसांनी पनवेलचे ते कार्यकर्ते आमच्या ओट्यावर आले. माझ्या तक्त्याची नक्कल त्यांच्या हातात होती. मी पाणी दिलं. ते प्यायले नाहीत.

“अंदाज चुकतो, त्याचं काही नाही,” ते म्हणाले. “पण मी मतांचे आकडे तपासून आलोय. त्या दिवशी चिखल तुडवत म्हाताऱ्या बायकासुद्धा आल्या. तुमच्या होडीतला एकच माणूस मताला आला नाही. अशा बेजबाबदार माणसांमुळे देश मागे राहतो. तुम्ही सुशिक्षित आहात, तुम्हीच त्याला चार गोष्टी समजावून सांगा.”

“सांगतो,” मी म्हणालो. “पण तो ऐकेल असं वाटत नाही. बी. ए. झालाय.”