माळवदावरचं शेवाळ

“ह्यांच्या माळवदावर आता म्हस सोडा चरायला. लई हिरवं झालंय की!”

भिंतीपलीकडे शेजारच्या काकू कुणाला तरी सांगत होत्या. अलीकडे मी ताईच्या खाटेशेजारचं भरलेलं पातेलं उचलून रिकामं ठेवत होते. ताई बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ अजून खोलीबाहेर आलं नव्हतं, आणि नेमकी तीच खोली गळत होती. खाट सरकवायला एकच कोरडा कोपरा उरला होता.

आमच्या घरावर कौलं नाहीत, मातीचं सपाट माळवद. पावसाळ्याआधी वरचं गवत-शेवाळ खरडायचं, मग पांढरी माती पसरून चोपायची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्या वर्षी वर कुणी चढलंच नव्हतं.

माळवदावरून काकूंच्या परसातली न्हाणी सरळ दिसते. म्हणून चढण्याआधी मोठ्यानं हाळी द्यायची, अशी गल्लीची रीत. आदल्या वर्षी वडील विसरले. काकूंनी खालून जो उद्धार केला तो कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत गेला. कचेरीत सगळे ज्यांना साहेब म्हणत, त्या माझ्या वडिलांनी जाहीर केलं, “त्या बाईला विचारून मी माझ्या घरावर चढणार नाही.” गडी लावावा, तर त्यालाही हाळी द्यावीच लागणार, म्हणजे आपणच नमलो! गळत होतं ते मात्र ताईच्या डोक्यावर.

मग आमच्याच घरात राहणाऱ्या काकांनी, वडिलांच्या धाकट्या भावानं, युक्ती काढली. शिडीवरच उभं राहून त्यांनी घमेल्यानं पांढरी माती वर भिरकावली, शेवाळ न खरडताच. “चढलो कुठं? शिडीवर तर आहे,” म्हणून वर हसलेही. पुढच्या सरीला ती माती वाहून पन्हळीच्या तोंडाशी बसली, पाणी वर तुंबलं आणि खोलीत दुसरी धार लागली.

“बसेल हळूहळू माती,” काका म्हणाले.

“ऊन पडलं की बघू,” वडील म्हणाले.

आईचे गुडघे धरलेले. ती नुसती माझ्याकडे बघायची आणि मी पातेल्याकडे.

एका सकाळी पाऊस जरा थांबला होता, तरी छतातून एक गढूळ थेंब बाळाच्या टोपड्यावर पडला. ताई तोंड फिरवून रडली. मी ओढणी खोचली, खुरपं घेतलं आणि शिडी लावली.

शाळेत मड्डमनी नाव पुकारलं, तर ‘प्रेझेंट’ म्हणतानाही माझा आवाज पहिल्या बाकापलीकडे जात नसे. वर्गातल्या मुलींना मी मुकी वाटायचे. आणि आता गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडायचं! वरच्या पायरीवर मी खुरपं धरून तशीच उभी राहिले. पलीकडे न्हाणीत तांब्या वाजत होता.

“चढायचं तर चढ,” ओसरीवरून वर्तमानपत्राआडून वडिलांचा आवाज आला, “पण हाळी द्यायची नाही, सांगून ठेवतो.”

तेवढं मात्र फार झालं.

“काकू,” मी ओरडले, “माळवदावर चढतेय हो! एकटीच आहे, म्हस खालीच ठेवलीय!”